ऑनलाइन समर्थक आणि मैदानी संघटन: अमेरिकेच्या प्रायमरीत ही गल्लत का महागात पडते

व्हरमाँटचे माजी गव्हर्नर हॉवर्ड डीन यांनी २००३ च्या दुसऱ्या तिमाहीत सुमारे ७६ लाख डॉलर जमवले आणि तिसऱ्या तिमाहीत जवळपास १ कोटी ४८ लाख. डेमोक्रॅटिक पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्यांमध्ये ते सगळ्यांच्या पुढे होते. या पैशाचा मोठा वाटा इंटरनेटवरून, छोट्या देणग्यांमधून आला होता. मीटअप या संकेतस्थळाच्या मदतीनं त्यांचे समर्थक शहराशहरांत महिन्याच्या पहिल्या बुधवारी एकत्र जमत. मग १९ जानेवारी २००४ ला आयोवा राज्याचा कॉकस (मतदारांनी ठरल्या वेळी सभेत जमून उमेदवाराची पसंती सांगायचा प्रकार) झाला. जॉन केरी ३८ टक्के, जॉन एडवर्ड्स ३२ टक्के, डीन १८ टक्के.

पैसा खरा होता, माणसंही खरी होती. चुकलं ते मोजमाप. ऑनलाइन समर्थकांची संख्या आणि मैदानातलं संघटन या दोन गोष्टी एकच मानल्या गेल्या. ही गल्लत आजही होते आणि दरवेळी कुणाला तरी महागात पडते.

फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो यादीत. ऑनलाइन यादीतलं नाव म्हणजे एक ईमेल पत्ता, बहुधा झिपकोड (आपला पिनकोड), आणि दिले असतील तर किती डॉलर दिले ती नोंद. हा माणूस कुठल्याही राज्यातला असू शकतो, मतदार म्हणून नोंदलेला नसू शकतो, किंवा दुसऱ्याच पक्षात नोंदलेला असू शकतो. मैदानी यादीतलं नाव म्हणजे अमुक प्रिसिंक्टमधला, अमुक पत्त्यावरचा मतदार. त्याची पक्षनोंदणी काय, याआधी कुठल्या निवडणुकांना तो मतदानाला गेला (कुणाला मत दिलं ते अर्थातच गुप्त असतं) आणि दारात उभं राहून विचारल्यावर तो काय म्हणाला, हे सगळं त्यात असतं. प्रिसिंक्ट म्हणजे साधारण आपला यादीभाग. फेसबुक पेजवरचे लाईक आणि बूथप्रमुखाच्या हातातली खुणा केलेली मतदारयादी, हे अंतर आपल्याकडे निवडणुकीत राबलेल्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही.

ऑनलाइन मोहिमेचं खरं बळ पैशात आहे, आणि ते कमी लेखू नये. अमेरिकेत एका व्यक्तीनं एका उमेदवाराला प्रायमरीसाठी (पक्षाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यांत होणारं मतदान) किती द्यायचं याला कायद्यानं मर्यादा आहे. ती २००८ मध्ये २,३०० डॉलर होती, २०२४ मध्ये ३,३००. मोठा देणगीदार एका संध्याकाळच्या जेवणात ही मर्यादा गाठतो आणि त्याचा विषय तिथे संपतो. पंचवीस डॉलर देणाऱ्याकडे मात्र पुढच्या महिन्यात पुन्हा जाता येतं. बर्नी सँडर्स यांनी २०१६ मध्ये सरासरी २७ डॉलरच्या देणगीवर हिलरी क्लिंटन यांच्याशी अखेरपर्यंत झुंज दिली ती यामुळेच. डेमोक्रॅटिक बाजूचं देणगी गोळा करणारं ॲक्टब्लू हे व्यासपीठ २००४ मध्ये सुरू झालं. तिथे एकदा कार्डाची माहिती ठेवली की पुढची देणगी एका टिचकीत जाते. प्रक्रिया शुल्क ३.९५ टक्के. रिपब्लिकन बाजूला विनरेड हे असंच व्यासपीठ यायला २०१९ उजाडलं.

पण देणगीदारांची संख्या हीच पात्रता ठरली की ती विकतही घेता येते. २०१९ च्या पहिल्या वादसभांसाठी डेमोक्रॅटिक पक्षानं दोन वाटा ठेवल्या होत्या: जनमत चाचण्या, किंवा ६५,००० वेगवेगळे देणगीदार, त्यात किमान २० राज्यांतून प्रत्येकी २००. सप्टेंबरपर्यंत आकडा १,३०,००० वर गेला आणि चाचण्यांची अटही सोबत आली. मागे पडलेल्या उमेदवारांनी एकेका डॉलरच्या देणगीसाठी फेसबुकच्या जाहिरातींवर त्याहून कितीतरी जास्त पैसा ओतला. रिपब्लिकन पक्षानं २०२३ मध्ये पहिल्या वादसभेसाठी ४०,००० देणगीदार मागितले, तेव्हा नॉर्थ डकोटाचे गव्हर्नर डग बर्गम यांनी एक डॉलर देणाऱ्या ५०,००० जणांना २० डॉलरचं गिफ्ट कार्ड देऊ केलं. ते मंचावर पोहोचले. आयोवाचा कॉकस यायच्या आधीच, डिसेंबरमध्ये, त्यांनी माघार घेतली. एक डॉलर देऊन वीस घेणारा माणूस जानेवारीच्या थंडीत कॉकसला येईल, असं कुणीच धरून चालू नये.

मैदानी काम संथ असतं, कंटाळवाणं असतं, आणि त्याला दुसरा पर्याय नाही. सुरुवात मतदारयादीपासून होते. डेमोक्रॅटिक उमेदवार बहुधा व्हॅन या नावानं ओळखली जाणारी प्रणाली वापरतात. तिच्यातून ‘टर्फ’ कापले जातात, म्हणजे एका कार्यकर्त्याला पायी फिरता येईल असा गल्ल्यांचा तुकडा, साधारण ४० ते ६० दारांचा. कार्यकर्ता तासाला १५ ते २० दारं ठोठावतो. बरीचशी उघडतच नाहीत. जी उघडतात तिथल्या प्रत्येक मतदाराला १ ते ५ असा आकडा दिला जातो: १ म्हणजे पक्का आपला, २ कललेला, ३ कुंपणावर, ४ दुसरीकडे झुकलेला, ५ पक्का विरोधी. हा आकडा मतदाराच्या तोंडून आलेला हवा. अंगणात पाटी दिसली म्हणून ‘१’ टाकायचा नाही. पाटी नवऱ्यानं लावलेली असते आणि बायको दुसऱ्याच उमेदवाराची असते. संध्याकाळी त्याच दिवशी नोंदी प्रणालीत गेल्या नाहीत, तर दुसऱ्या दिवशी त्याच घरी दुसरा कार्यकर्ता जाऊन उभा राहतो आणि चांगला मतदार वैतागतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘१’ च्या गिनतीत. पक्के किती हे फुगवायचा मोह वरपासून खालपर्यंत सगळ्यांना असतो, कारण रोज रात्री मुख्य कार्यालयाला आकडा कळवायचा असतो. ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘मी कॉकसला येईन’ अशी खूण करणाऱ्याला सरळ ‘१’ धरलं, तर ती गिनती बिनकामाची होते. स्वयंसेवकांचंही तेच. येतो म्हणालेल्यांपैकी निम्मे येतील असं धरून चालायचं, आणि तेवढे यायलाही आदल्या दिवशी फोन करावा लागतो. नुसत्या ईमेलच्या आमंत्रणावर हे प्रमाण आणखी घसरतं.

दार ठोठावण्याचा आग्रह सवयीपोटी नाही. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९८ मध्ये न्यू हेवन शहरात मतदारांचे गट पाडून प्रयोग केला होता. समोरासमोर बोलणं झालेल्या मतदारांत मतदानाचं प्रमाण सुमारे ९ टक्क्यांच्या अंकांनी वाढलं. टपालानं आलेल्या पत्रकांनी किंचितच फरक पडला, आणि पैसे देऊन करवलेल्या फोनचा परिणाम दिसला नाही. कोण बोलतंय हेही तितकंच महत्त्वाचं. डीन यांच्या मोहिमेनं शेवटच्या आठवड्यांत देशभरातून सुमारे ३,५०० स्वयंसेवक आयोवात उतरवले. डोक्यावर भडक नारिंगी टोप्या. त्याआधी मीटअपच्या बैठकांत बसून समर्थकांनी आयोवाच्या मतदारांना हातानं पत्रंही लिहिली होती. कळकळ अस्सल होती यात शंका नाही. पण आयोवाच्या शेतकऱ्याच्या दारात टेक्ससचा पोरगा उभा राहून तुमच्या गावाचं भलं कशात आहे ते सांगू लागला, तर ऐकणारा नम्रपणे दार लावून घेतो. शेजारच्या शाळेतली शिक्षिका तेच सांगते, तेव्हा तो कॉफी करतो.

शिवाय कॉकसचं स्वतःचं गणित असतं. आयोवात डेमोक्रॅट २०२० पर्यंत संध्याकाळी सातला शाळेत, चर्चमध्ये जमून गट करून उभे राहत (२०२४ पासून त्यांनी पसंती टपालानं घ्यायला सुरुवात केली). बहुतेक प्रिसिंक्टमध्ये गट टिकायला हजर माणसांच्या १५ टक्के लागत. ६० जण आले तर ९. तुमचे ८ असतील तर गट मोडला, आणि ते आठ जण दुसऱ्यांच्या कोपऱ्यात जायला मोकळे. अशा वेळी राज्यभरातले हजारो ऑनलाइन समर्थक उपयोगाचे नाहीत. त्याच खोलीत नववा माणूस हवा. आणि ज्यांचा गट मोडला त्यांच्याकडे जाऊन ‘आमच्यात या’ म्हणणारा, त्यांना नावानं ओळखणारा प्रिसिंक्ट कॅप्टन हवा.

दोन्ही गोष्टींची सांधेजोड नीट झाली ती बराक ओबामा यांच्या २००८ च्या मोहिमेत. फेसबुकचे एक सहसंस्थापक ख्रिस ह्यूज तिच्या ऑनलाइन बाजूला होते, आणि तांत्रिक काम ब्लू स्टेट डिजिटलकडे होतं. ही कंपनी डीन यांच्या मोहिमेतून बाहेर पडलेल्यांनीच उभी केली होती. संकेतस्थळावर नाव नोंदवणाऱ्याला देणगीच्या बटणापाशी न सोडता स्वतःच्या गल्लीत बैठक घ्यायला, फोनची यादी उचलायला लावलं जाई. ‘कॅम्प ओबामा’ शिबिरांत प्रशिक्षण मिळे. साउथ कॅरोलायनात याच मोहिमेचे संघटक ब्यूटी पार्लरांत, न्हाव्याच्या दुकानांत आणि चर्चमध्ये जाऊन बसत, कारण लोक तिथे निवांत बोलतात. आयोवात २००४ ला सुमारे १ लाख २४ हजार डेमोक्रॅट आले होते, २००८ ला सुमारे २ लाख ३९ हजार. नेहमीच्या मतदारांपुरती गिनती करणाऱ्यांचे अंदाज तिथेच कोलमडले. ओबामांना ३८ टक्के मिळाले.

त्यानंतरची दोन उदाहरणं तर वहीत उतरवून ठेवावीत अशी. ५ फेब्रुवारी २००८ ला क्लिंटन यांनी न्यू जर्सीची प्रायमरी जिंकली आणि प्रतिनिधींत (पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात उमेदवार ठरवणाऱ्यांत) ११ ची आघाडी घेतली. त्याच दिवशी ओबामांनी चिमुकल्या आयडाहोच्या कॉकसमध्ये १५ विरुद्ध ३ असे प्रतिनिधी घेतले, म्हणजे १२ ची आघाडी. पुढे ४ मार्चला टेक्ससमध्ये दिवसा प्रायमरी आणि रात्री कॉकस असा दुहेरी प्रकार होता. दिवसा मत दिलेल्यांनी संध्याकाळी पुन्हा यायचं. प्रायमरीत क्लिंटन ६५–६१ नं पुढे राहिल्या, कॉकसमध्ये ओबामा ३८–२९ नं. बेरीज ओबामा ९९, क्लिंटन ९४. संध्याकाळी पुन्हा यायचंय हे प्रत्येक समर्थकाला कुणीतरी आधी सांगितलेलं असणं, एवढ्यावर हा निकाल फिरला.

रिपब्लिकन बाजूला रॉन पॉल यांच्या समर्थकांनी दोन्ही टोकं दाखवली. ५ नोव्हेंबर २००७ ला त्यांनी एका दिवसात ४० लाख डॉलरहून जास्त जमवले, १६ डिसेंबरला जवळपास ६० लाख. आयोवात मात्र १० टक्क्यांवर पाचवा क्रमांक. २०१२ ला तेच लोक नियमांचं पुस्तक वाचून आले. कॉकसच्या रात्रीचा कौल पाहून बाकीचे घरी जात, हे थांबत आणि काउंटीच्या (जिल्ह्याच्या) अधिवेशनासाठी, म्हणजे राष्ट्रीय प्रतिनिधी निवडण्याच्या पहिल्या पायरीसाठी, स्वतःला निवडून घेत. कौलात पॉल तिसरे होते. टॅम्पाच्या राष्ट्रीय अधिवेशनात आयोवाच्या २८ पैकी २२ प्रतिनिधींनी त्यांना मत दिलं. त्याच वर्षी व्हर्जिनियात प्रायमरीच्या मतपत्रिकेवर नाव यायला १०,००० सह्या लागत, शिवाय ११ पैकी प्रत्येक मतदारसंघातून किमान ४००. न्यूट गिंगरिच आणि रिक पेरी दोघांचीही नावं आली नाहीत. फक्त मिट रॉमनी आणि रॉन पॉल पात्र ठरले. सह्यांच्या बाबतीत नियम सोपा आहे: लागतात त्याच्या दीडपट गोळा करा, कारण नोंदणी नसलेले, चुकीचा पत्ता लिहिलेले, दोनदा सही केलेले बाद होतात.

तारखांनी होणारं नुकसान सगळ्यात जिव्हारी लागतं, कारण ते टाळता येण्यासारखं असतं. न्यूयॉर्कमध्ये प्रायमरी फक्त पक्षात नोंदलेल्यांसाठी असते. १९ एप्रिल २०१६ च्या मतदानासाठी पक्ष बदलायची मुदत ९ ऑक्टोबर २०१५ लाच संपली होती. सँडर्स यांच्या सभांना गर्दी करणाऱ्या कितीतरी तरुणांना हे उशिरा कळलं. डोनाल्ड ट्रम्प यांची मुलं इव्हांका आणि एरिक यांनाही याच मुदतीमुळे वडिलांना मत देता आलं नाही. ऑनलाइन यादीचा खरा उपयोग इथे होता. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या झिपकोडवाल्या प्रत्येकाला देणगीऐवजी पक्षनोंदणीचा अर्ज पाठवायला हवा होता. हे काम ईमेल चोख करतं आणि दारोदार फिरून ते इतक्या वेगानं होत नाही.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी काही नेमक्या गोष्टी. देणगी फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारक देऊ शकतात. एच-१बी वर असलेल्यांनी एक डॉलरही देऊ नये, आणि मित्राच्या कार्डावरून तर मुळीच नाही. दुसऱ्याच्या नावानं देणगी देणं हा वेगळा गुन्हा आहे. विनामोबदला स्वयंसेवा मात्र त्यांना करता येते, मोहिमेचे निर्णय घेण्यात भाग न घेता: फोन, मेसेज, दारोदार फिरणं. मतदान फक्त नागरिकांचं. ग्रीन कार्डधारकानं नोंदणीचा अर्जसुद्धा भरू नये, पुढे नागरिकत्वाच्या वेळी ते अंगाशी येतं. कॅलिफोर्नियात नागरिकत्व मिळाल्यावर नोंदणी करताना ‘पक्ष नाही’ अशी खूण केलेल्यांना टपालानं आलेल्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरी दिसतच नाही. डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत द्यायचं असेल तर काउंटी निवडणूक कार्यालयाकडे वेगळी मतपत्रिका आधी मागून घ्यावी लागते, आणि रिपब्लिकन प्रायमरीसाठी त्या पक्षात नोंदणीच करावी लागते.