गल्लीतला उजेड मजल्यांवर ठरत नाही

बेळगावात समोर चार मजली बांधकाम उभं राहिलं की पहिली तक्रार मजल्यांची होते. पण घरातला उजेड नुसत्या मजल्यांवर ठरत नाही. समोरच्या भिंतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या किती पट आहे, त्यावर तो ठरतो.

मुंबईला हे प्लेगने शिकवलं. 1896 च्या साथीनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने 63.5 अंशांचा नियम आणला. भिंतीच्या पायथ्यापासून या कोनात रेषा ओढायची आणि समोरची इमारत त्या रेषेच्या वर जाऊ द्यायची नाही. म्हणजे उंची फार तर मोकळ्या जागेच्या दुप्पट. न्यूयॉर्कमध्ये 1915 साली 38 मजली इक्विटेबल बिल्डिंग फुटपाथपासून सरळ वर गेली आणि 1916 मध्ये तिथेही नियम आला. रस्त्याच्या रुंदीच्या ठरावीक पटीपर्यंत सरळ भिंत, त्यापुढे टप्प्याटप्प्याने मागे सरकायचं. प्लॉटच्या चौथ्या हिश्श्यावर मात्र उंचीला बंधन नाही. एम्पायर स्टेट बिल्डिंग वर निमुळती होत जाते, ती या नियमामुळे.

आता कोनाचं गणित. लांब सरळ गल्ली आणि एकसारखं ढगाळ आभाळ धरा. समोरच्या माथ्याचा कोन θ असेल, तर उघड्या माळावरच्या भिंतीला मिळणाऱ्या आभाळाच्या उजेडापैकी (1 − साइन θ) एवढाच वाटा पायथ्याशी पोचतो. गल्ली 10 फूट आणि समोर 40 फूट उंची असेल तर कोन 76 अंश, उजेड फक्त 3 टक्के. गल्ली 20 फूट केली की कोन 63.5 वर येतो आणि उजेड साडेदहा टक्के होतो. रुंदी दुप्पट केली, उजेड साडेतीन पट झाला! कारण अरुंद गल्लीत दिसते ती डोक्यावरची आभाळाची चिंचोळी पट्टी, आणि तिथून येणारा प्रकाश उभ्या भिंतीला जेमतेम चाटून जातो. गल्ली रुंदावते तसं तिरपं आभाळ दिसू लागतं, आणि खरा उजेड तिथूनच येतो. त्याच 10 फुटी गल्लीत 35 फुटांवरच्या खिडकीला 55 टक्के मिळतो. घर एकच, पण वरचा मजला लख्ख आणि खालच्याला दुपारीही ट्यूबलाइट.

उन्हाचा हिशोब वेगळा. 21 डिसेंबरला बेळगावात मध्यान्हीचा सूर्य सुमारे 51 अंशांवर असतो. मोकळी जागा उंचीच्या निम्मी असली, तरी उत्तरेकडच्या तेवढ्याच उंच घराच्या भिंतीचा खालचा 39 टक्के भाग त्या वेळी सावलीत राहतो. वास्तूवाले उत्तर-पूर्व मोकळी ठेवायला सांगतात आणि दक्षिण जड करायला. थंडीत मध्यान्हीचं ऊन येतं दक्षिणेकडूनच, त्यामुळे समोरची उंची न मोजता दिलेला असा सल्ला निरुपयोगी आहे.

आपल्याकडचा एफएआर (महाराष्ट्रात चंदगडला गेलं की तोच एफएसआय) प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधायचं ते सांगतो. 30×40 च्या साइटला 1.75 एफएआर असेल तर 2100 चौरस फूट. ते किती जवळ आणि किती उंच, हे सेटबॅक (हद्दीपासून सोडायची जागा) आणि उंचीचे नियम ठरवतात. गाड्यांसाठीचा स्टिल्ट, म्हणजे खांबांवरचा मोकळा तळमजला, बहुधा एफएआरमध्ये धरत नाहीत, पण त्याचे 8 फूट कोनात धरले जातातच आणि 3 टक्क्यांचे 2 होतात. समोरच्याने 3 फुटांची बाल्कनी वरपर्यंत बंदिस्त करून काढली, तर उजेड निम्म्यावर येतो.

आपला स्वतःचा छज्जाही असाच नडतो. त्या 10 फुटी गल्लीत तळमजल्याच्या खिडकीच्या मध्यापासून 3 फूट वर 2 फुटांचा छज्जा असेल, तर 56 अंशांच्या वरचं आभाळ तोच झाकतो. खालचं समोरच्या भिंतीने आधीच अडवलेलं असतं. मग आभाळ शून्य! छज्जा फूटभर केला तरी या गल्लीत तळमजल्याला फरक पडत नाही, आणि बेळगावच्या पावसात तो काढून टाकणंही परवडत नाही. अशा खोलीला मिळतो तो फक्त समोरच्या भिंतीवरून परतलेला उजेड. तेव्हा समोरच्यांशी बोलून त्या भिंतीला पांढरा रंग लावून घ्यावा. गडद टाइल्स बसवण्याचा त्यांचा बेत असेल, तर त्या लागण्याआधीच बोलावं.