आजोबांची ‘थ्री-नॉट-थ्री’ बहुतेक वेळा थ्री-नॉट-थ्री नसते

पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या हाक्याच्या शिकारीच्या गोष्टी नाशिकच्या जुन्या घरांत अजून सांगितल्या जातात. त्या गोष्टींतली रायफल जवळजवळ नेहमी ‘थ्री-नॉट-थ्री’, म्हणजे ब्रिटिश सैन्याची .३०३ असते (आकडा नळीच्या मापाचा, इंचात). कपाट उघडून नळीवरचा ठसा वाचला की तिथे बहुधा .३१५ निघते. सांगणारा खोटं बोलत नसतो. दोन्ही रायफली दिसायला सख्ख्या बहिणी. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची .३१५ ली-एनफिल्डच्याच, म्हणजे लष्करी .३०३च्याच बोल्टवर (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्यावर) बांधलेली आहे, फरक आहे तो काडतुसात. हा फरक शिकाऱ्यांच्या आवडीनिवडीतून आला नाही, सरकारच्या धास्तीतून आला.

१८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक ठेवता येईनाशी झाली. पण परवाना दिला तरी एक काळजी उरत होती: पलटणीतून चोरलेलं काडतूस खासगी रायफलीत चाललं तर? म्हणून लष्करी बोअर, म्हणजे नळीचं मापच खासगी हातांत नको, असा मार्ग निघाला. १९०७मध्ये .४५० बोअर हिंदुस्थानात बंद झाला, कारण मार्टिनी-हेन्री या सैन्याच्या जुन्या रायफलीच्या गोळ्या त्याच मापाच्या होत्या. इंग्लंडच्या कारखानदारांनी लगेच .४७०, .४६५ अशी नवी मापं काढली. मोठ्या शिकारीच्या दुनळी रायफलींमध्ये ही मापं इतकी दिसतात त्यामागे हा हुकूम आहे. .३०३च्या बाबतीतही तोच हिशेब. त्या जागी ८ × ५० आर मॅनलिकर हे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं काडतूस आलं. इथल्या कुठल्याच पलटणीत ते नव्हतं, म्हणजे चोरायला कोठारही नव्हतं. इंग्रजी मापात त्याला .३१५ म्हणू लागले.

नाशिकचं नाव शस्त्रांच्या इतिहासात ज्या घटनेने कायमचं कोरलं गेलं ती २१ डिसेंबर १९०९ची, विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी झाडलेल्या गोळ्यांची. ते हत्यार ब्राउनिंग पिस्तूल होतं आणि लंडनहून लपवून आणलेलं होतं. बोअरचे नियम त्याला काय अडवणार!

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, हिशेब तोच राहिला. १९५९च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत .३०३ आणि ७.६२ मिमीचं लष्करी काडतूस ज्यात बसतं अशा रायफली प्रतिबंधित वर्गात आहेत. पोलिसांची .४१० मस्केटही त्याच वर्गात. गंमत म्हणजे .३०-०६ची गोळीही ७.६२ मिमीचीच, पण केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) लांब असल्याने लष्करी काडतूस तिच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेत, नीट बसत नाही आणि ती साध्या परवान्यावर चालते. कायदा गोळीची जाडी बघत नाही, चेंबर बघतो. ईशापूरच्या सरकारी कारखान्याने .३१५ पुढेही बनवत ठेवली. तिची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे पावणेसोळा ग्रॅमच्या आसपास, आणि मॅगझिन पाच काडतुसांचं. इथली काडतुसं मिळत राहिल्यामुळेच ही रायफल टिकली. .३१८ वेस्टली रिचर्ड्स किंवा ६.५ मिमीची मॅनलिकर-शोनाऊर कारागिरीत तिच्यापेक्षा कितीतरी सरस. पण परदेशी काडतूस संपलं की ती भिंतीवरची शोभा होते.

घरात रायफल असेल तर आधी ठसे वाचावेत, आठवणी मग जुळवाव्यात. नळीवरचं ‘आर्मी अँड नेव्ही’ हे नाव दुकानदार सोसायटीचं असतं, कारखान्याचं नव्हे. या सोसायटीचं मुंबईचं दुकान १८९१मध्ये उघडलं, पण ती दुसऱ्यांनी बनवलेला माल स्वतःच्या नावाने विकत असे. बर्मिंगहॅमच्या मुकुटाखाली ‘एनपी’ अक्षरं असतील तर नळीची चाचणी धूरविरहित दारूवर झाली आहे. ‘कॉर्डाइट’ (धूरविरहित दारूचा एक प्रकार) या शब्दापुढे दोन आकडे असतील तर पहिला दारूचं वजन सांगतो, दुसरा गोळीचं, दोन्ही ग्रेनमध्ये. १९५४नंतरच्या चाचणीत त्या जागी दर चौरस इंचाला किती टन दाब ते लिहिलेलं असतं. नुसतं ‘८ मिमी’ असं लिहिलं असेल तर जास्त जपावं. .३१५ आणि ८ × ५७ मॉझर या दोन्हींना लोक आठ मिमीच म्हणतात, काडतुसं मात्र एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मॉझरमध्येही जुन्या नळ्या .३१८च्या आणि नंतरच्या .३२३च्या, जाड गोळी बारीक नळीत गेली तर दाब धोक्याच्या पलीकडे जातो. शंका असेल तर परवानाधारक कारागिराकडून चेंबरचा साचा काढून मापावा, काडतूस घालून बघू नये.

जुन्या नळ्या गोळ्या झाडून झिजल्या त्यापेक्षा गंजून जास्त गेल्या. त्या काळच्या काडतुसांच्या कॅपमध्ये (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून नळीत मीठ उरतं, आणि घाटाखालून येणाऱ्या पावसाळी हवेतली ओल ते ओढून घेतं. तेलाने मीठ विरघळत नाही, ते तेलाखालीच बसून धातू खातं. म्हणून शिकारीहून परतल्यावर बोल्ट काढून, चेंबरच्या बाजूने नरसाळं लावून लिटर-दीड लिटर उकळतं पाणी नळीतून सोडायची पद्धत होती. गरम नळी आपोआप वाळते, मग कोरडी चिंधी आणि शेवटी तेलाचा हलका हात. ज्या घरांत नुसतं तेल दिलं गेलं तिथल्या नळ्यांना आतून खड्डे पडलेले दिसतात. दुसरा शत्रू म्हणजे कातडी पेटी. कमावलेल्या चामड्यात आम्ल असतं आणि ते ओलही धरतं; चार महिने बंद पेटीत ठेवलेली रायफल ज्या बाजूने चामड्याला टेकलेली असते त्याच बाजूने गंजते. अक्रोडाच्या दस्त्याला जवसाच्या तेलाचे दोन-चार थेंब तळव्याने चोळले तरी पुरे. नळीचं जादा तेल दस्त्यात उतरू देऊ नये. बोल्टच्या मागचं लाकूड तेल पिऊन मऊ पडतं आणि धक्क्याने तिथेच उभी चीर जाते. रायफल तोंड खाली करून ठेवायची जुनी सवय त्यासाठीच.

‘बहात्तर साली शिकार बंद झाली’ असं सगळेच सांगतात. वाघाच्या शिकारीवर बंदी त्याआधी, १९७०मध्येच आली होती. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काही प्राण्यांसाठी शिकारीच्या परवान्याची तरतूद शिल्लक होती, ती १९९१च्या दुरुस्तीने गेली. त्यामुळे ‘बाबांनी बहात्तरनंतरही परवान्यावर रानडुक्कर मारलं’ ही आठवण लगेच थाप म्हणून उडवून देऊ नये.

नेमबाजीची रायफल मात्र वेगळ्या घरातून आली. १९५१मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली ती लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर यांच्या पुढाकाराने. पण नाशिकमधल्या बहुतेकांच्या हातात पहिली रायफल आली ती शाळेत किंवा एनसीसीत. डॉ. मुंजे यांनी १९३७मध्ये सुरू केलेल्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये नेमबाजी शिक्षणाचाच भाग होती. एनसीसीची .२२ नंबर २ मार्क ४ म्हणजे लष्करी रायफलीलाच .२२ची नळी. ती एकेक काडतूस हाताने भरून चालवायची; खालचं मॅगझिन रिकामं, त्यात फक्त झाडलेल्या केसा पडतात. ‘मॅगझिन असून एकच गोळी का?’ या कॅडेटच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

जुन्या नेमबाजांची लाडकी मात्र बीएसए मार्टिनी, विशेषतः १९५०पासून निघालेली इंटरनॅशनल. घोडा दाबल्यापासून पिन आपटेपर्यंतचा वेळ या यंत्रात फार कमी, त्यामुळे तेवढ्यात हात हलायला वाव मिळत नाही. जड मॉडेल सहा किलोच्या वर जातं. झोपून मारताना तो फायदाच. बीएसएच्या छोट्या मार्टिनीत एक पिन काढली की आतलं यंत्र अखंड बाहेर येतं, म्हणून नळी मागून साफ करता येते आणि सळईने तोंडाकडची कड झिजत नाही. .२२ रायफलीचं चेंबर खराब होतं ते दोन कारणांनी. रिकाम्या चेंबरवर घोडा दाबला तर काही .२२ रायफलींत पिन चेंबरच्या काठावर आपटून खाच पाडते आणि मग केस अडकते. ‘.२२ लाँग रायफल’ या काडतुसाच्या चेंबरमध्ये त्याहून आखूड .२२ शॉर्ट काडतुसं फार झाडली तर केसच्या पुढे जळका कंगोरा तयार होतो, आणि त्यातही लांब केस रुतून बसते. २०२४मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य जिंकणारा स्वप्निल कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातला, पण नेमबाजीच्या शिक्षणासाठी तो नाशिकला आला होता. त्याच्या पिढीची रायफल वेगळी असली तरी .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७पासूनचंच.

आता थोडं कागदांविषयी. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. २०१६च्या नियमांनुसार परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे राहिलं, यातलं जे आधी होईल तेव्हापासून ते वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. मृत्यूपर्यंत थांबायची गरज नाही. अर्जापूर्वी परवान्यावरचा बोअर आणि क्रमांक नळीवरच्या ठशाशी ताडून पाहावा, कारण जुन्या नोंदींत ‘.३१५’च्या जागी ‘८ मिमी’ किंवा चक्क ‘३०३’ लिहिलेलं सापडतं. ली-एनफिल्ड पद्धतीच्या रायफलीत क्रमांक रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यावर) आणि बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी असतो. दोन्ही जुळत नसतील तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे, आणि हेडस्पेस, म्हणजे बोल्ट आणि चेंबरमधल्या काडतुसामधली फट, तपासून घेईपर्यंत त्या रायफलीतून एकही फैर झाडू नये.