प्रीलोड (लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल)

डिफरन्शियल म्हणजे ॲक्सलवरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच; लिमिटेड-स्लिप प्रकार हा फरक आवरतो. क्लच प्लेटांच्या (एकमेकींवर घासणाऱ्या चकत्यांच्या) अशा डिफरन्शियलमध्ये इंजिनाचा जोर नसतानाही स्प्रिंगा प्लेटांवर जो दाब ठेवतात, तो प्रीलोड. मोजतात मात्र न्यूटन-मीटरमध्ये, म्हणजे दोन चाकांमध्ये सरक सुरू करायला लागणाऱ्या टॉर्कने (फिरवणाऱ्या जोराने).

टॉर्क क्षमता, लॉकिंग टक्का आणि प्रीलोड हे तीन वेगळे आकडे आहेत. क्षमता म्हणजे दाते, पिना आणि केसिंगची ताकद. इंजिनाचा टॉर्क २०० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे प्रमाण ३.६ आणि फायनल ड्राइव्हचे (डिफरन्शियलजवळच्या शेवटच्या गिअरजोडीचे) ४.१ असेल, तर क्राउन व्हीलवर (डिफरन्शियल फिरवणाऱ्या मोठ्या दातेरी चाकावर) २,९५२ न्यूटन-मीटर येतात. क्लच झटक्यात सोडल्यावर याहून जास्त, म्हणून क्षमता वरचढच हवी. लॉकिंग टक्का म्हणजे दोन चाकांच्या टॉर्कमधला फरक एकूण टॉर्कच्या किती टक्के. ४० टक्क्यांना वाटणी ७०:३० होते, म्हणजे पकड असलेल्या चाकाला २.३३ पट. बीएमडब्ल्यूच्या ई३० एम३मध्ये हा आकडा २५ टक्के होता, म्हणजे १.६७ पट.

पण एक चाक हवेत गेले की त्याचा टॉर्क शून्य, आणि शून्याची कितीही पट शून्यच. खरी गरज इथे प्रीलोडची. हबवर मोजलेला प्रीलोड ६० असेल, तर जमिनीवरच्या चाकाला साधारण त्याच्या दुप्पट, १२० न्यूटन-मीटर मिळतात. इंजिनाचा जोर आला की डिफरन्शियलमधले तिरके उतार (रॅम्प) प्लेटा दाबतात; तो दाब त्यात भर घालतो.

मोजताना एकच चाक जॅकवर घ्यावे, दुसरे जमिनीवर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला आणि इतर चाकांना अडण्या. हबच्या मध्यावर अडॅप्टर लावून टॉर्क रेंचने चाक सावकाश फिरवावे. दोन्ही चाके उचलून, गाडी गिअरमध्ये ठेवून मोजले तर तोच डिफरन्शियल जवळपास दुप्पट आकडा दाखवतो. म्हणून पद्धत न सांगितलेला आकडा निरुपयोगी. एकच चाक वर असताना इंजिन चालू करून गिअर टाकू नये. गाडी जॅकवरून निघून जाते.

प्रीलोड झिजेने उतरतो. जाड प्लेट किंवा शिम (जाडी भरून काढणारी पातळ चकती) घालून तो परत मिळवतात. अति केला तर गाडी वळणात शिरायला नकार देते, टायर घासतात, तेल तापते. तीव्र वळणात येणारा खडखडाट मात्र बहुधा तेलाचा दोष असतो: त्यातला फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटांमधले घर्षण मऊ करणारे रसायन) कमी पडलेला. तो गरजेपेक्षा जास्त ओतला तर लॉकिंगच ढिले पडते. एकाच ॲक्सलवर वेगवेगळ्या व्यासाचे टायर असतील तर सरळ रस्त्यावरही प्लेटा अखंड घासत राहतात. नव्या प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजवाव्यात, मग मोकळ्या मैदानात मंद वेगाने आठच्या आकड्यात गाडी फिरवून तेल बदलावे.