तांबडा बोल (खानदेश)

खानदेशातील बेसाल्टी लाव्हा प्रवाहांच्या दरम्यान आढळणारा, लोहाच्या ऑक्साइडांनी रंगलेला मृण्मय थर. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत जुन्या विहिरींच्या भिंती, नाल्यांच्या दरडी आणि सातमाळा–अजिंठा रांगेच्या उत्तर उतारावरील घाटरस्त्यांचे काप येथे तो विटकरी किंवा जांभळट तांबड्या पट्ट्याच्या रूपाने दिसतो. त्याची जाडी काही सेंटिमीटरांपासून एक-दोन मीटरपर्यंत, क्वचित अधिक असते. ‘बोल’ हा शब्द ढेकूळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून इंग्रजीमार्गे मराठीत आला. बोलण्याशी त्याचा संबंध नाही. लोकव्यवहारात या थराला गेरू म्हणतात. मात्र कुंभार, रंगारी आणि फळबागवाले वापरतात तो गेरू (काव) आणि हा थर ही नेहमीच एक वस्तू असते असे नाही.

थराचा रंग पाहून येथे लोखंडाची खाण निघेल, असा तर्क अधूनमधून केला जातो. तो रंगावर बेतलेला आहे, प्रमाणावर नाही. हेमॅटाइट (लोहाचे तांबडे ऑक्साइड) अतिसूक्ष्म कणांच्या रूपात असले, की शेकड्यात थोडेसेही मातीला गडद तांबडे करते. शुद्ध हेमॅटाइटात सुमारे ७० टक्के लोह असते. ज्या बेसाल्टपासून बोल बनतो त्यात मात्र लोह-ऑक्साइडे साधारण ११ ते १५ टक्के, म्हणजे धातुरूप लोह ८ ते ११ टक्क्यांच्या आसपास असते. अपक्षयात (ऊन-पावसाने खडक कुजण्याच्या क्रियेत) कॅल्शियम, सोडियम यांसारखी विद्राव्य द्रव्ये धुपून गेल्याने बोलातील लोहाचा वाटा काहीसा वाढतो, पण मूळच इतके कमी असताना ही वाढ धातुकाच्या (धातू काढण्याजोग्या खनिजाच्या) पातळीला पोहोचत नाही. शिवाय सिलिका व ॲल्युमिना यांचे प्रमाण मोठे, लोहकण मृत्तिका-खनिजांत विखुरलेले आणि थर पातळ; वर कठीण पाषाणाचे ओझे असते ते वेगळेच. महाराष्ट्रातील खऱ्या लोह धातुकाची ठिकाणे, उदा., गडचिरोली जिल्ह्यातील सुरजागड, चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा, सिंधुदुर्गातील रेडी, ही कँब्रियनपूर्व खडकांच्या प्रदेशात आहेत. खानदेशात तसे प्राचीन खडक असलेच तर ते लाव्ह्याच्या जाड आवरणाखाली गाडले गेले आहेत.

भूवैज्ञानिक परिस्थिती : खानदेशाचा बहुतेक भाग दक्षिण ट्रॅपच्या (दख्खनवर पसरलेल्या बेसाल्टी लाव्ह्याच्या) प्रवाहांनी व्यापलेला आहे. हे उद्रेक सुमारे ६·६ कोटी वर्षांपूर्वीचे मानले जातात. तापी व नर्मदेच्या खोऱ्यांचे पहिले विस्तृत भूवैज्ञानिक वर्णन विल्यम ब्लॅनफर्ड यांनी केले; ते १८६९ मध्ये प्रसिद्ध झाले. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची रांग आणि मध्ये तापीचा गाळ अशी रचना असल्याने बोल मुख्यतः कडेच्या डोंगराळ पट्ट्यातच उघडा पडतो. यावल, रावेर, चोपडा या केळीच्या पट्ट्यात गाळाची जाडी अनेक ठिकाणी शंभर मीटरांहून अधिक आहे, तेथे तो दिसण्याचा प्रश्नच येत नाही. धुळे–नंदुरबार भागात बेसाल्टी भित्तींचा (भेगांत घुसून थिजलेल्या लाव्ह्याच्या उभ्या पट्ट्यांचा) मोठा समूह आहे. त्यात दोनशेहून अधिक भित्ती नोंदल्या गेल्या असून सर्वांत लांब भित्तीची लांबी ७९ किमी. दिली जाते.

उत्पत्ती : बोलाच्या उगमाविषयी एकमत नाही. जुने आणि अजूनही सर्वाधिक मान्य मत असे, की दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात खालच्या प्रवाहाचा माथा उघडा राहिला, पाऊस-उन्हाने कुजला आणि त्याची माती झाली; म्हणजे बोल ही पुराजमीन होय. वरून खाली जाताना मातीतून मुरूम, मुरुमातून गोलसर दगड आणि त्यांतून ताजा बेसाल्ट असा क्रम जेथे दिसतो तेथे हे मत पटते. परंतु प्रत्येक बोल म्हणजे दीर्घ विराम असे धरले, तर थरांच्या संख्येनुसार उद्रेकांचा एकूण काळ फुगत जातो. म्हणूनच हा वाद केवळ मातीपुरता राहिलेला नाही.

दुसऱ्या मतानुसार तांबडेपणा भाजण्याचा आहे. गोएथाइट हे जलयुक्त ऑक्साइड सुमारे २५०–३००° से. ला पाणी गमावून हेमॅटाइट होते, आणि वरून वाहत आलेला लाव्हा १,१००° से.च्या आसपास तप्त असतो. वीटभट्टीत पिवळसर माती लाल होते त्याच जातीचा हा बदल. बोलाचा माथा पुष्कळदा अधिक कडक व अधिक लाल असतो, याचा उलगडा त्यातून होतो. मात्र मातीतून उष्णता सावकाश झिरपते. दोन मीटर जाडीचा थर तळापर्यंत सारखाच तांबडा असेल, तर एकट्या भाजण्याने भागत नाही.

तिसरे मत ज्वालामुखी राखेचे. पश्चिम घाटातील बोलांमधून झिर्कॉन या खनिजाचे स्फटिक वेगळे करून युरेनियम–शिसे पद्धतीने त्यांचे वय काढले गेले (२०१५, २०१९). बेसाल्टात झिर्कॉन सहसा नसतो. तेव्हा हे स्फटिक दूरच्या सिलिकायुक्त उद्रेकांच्या राखेतून आले असावेत. हा पुरावा महत्त्वाचा आहे, तरी मातीवर राख पडली होती एवढेच त्याने ठरते. सगळी माती राखेची होती असे नव्हे. काही थर हिरवट असतात. त्यांत लोह अंशतः क्षपित (ऑक्सिजन कमी असलेल्या) अवस्थेत असते आणि ते पुरल्यानंतरच्या पाण्याच्या क्रियेने बदलले असावेत. खानदेशापुरते बोलायचे, तर अपक्षयाने बनलेली, थोडी राख मिसळलेली व माथ्याकडे भाजलेली माती, हा मेळ सर्वांत कमी अडचणीचा दिसतो.

जल व बांधकाम : बोलातील मृत्तिका फुगणाऱ्या जातीची असल्याने त्यातून पाणी खाली मुरत नाही. पाणी थराच्या माथ्यावर अडते आणि आडवे सरकते. विहिरीत पाझर बोलाच्या वरच्या कडेला दिसतो तो यामुळे. बोलाखालच्या लाव्हा प्रवाहातील पाणी स्वतंत्र असू शकते. उघडा पडलेला बोल वाळला की तडकतो आणि ओला झाला की विरघळल्यासारखा सुटतो. बोगदे, धरणांचे पाये व घाटातील काप यांत तो वेळीच झाकावा लागतो, नाहीतर वरचा पाषाण निराधार होतो.

पुरातत्त्व : प्रकाशे (नंदुरबार जिल्हा) येथे १९५५ मध्ये झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीनंतरच्या थरांत लोखंडी वस्तू मिळाल्या. त्यावरून धातुक स्थानिक होते असे ठरत नाही. तापीकाठ हा व्यापारी मार्गही होता. अजिंठ्याच्या चित्रांतील तांबडा रंग गेरूचा, म्हणजे हेमॅटाइटयुक्त मातीचा आहे, आणि तो जवळपासचाच असावा असे सामान्यतः मानले जाते.

काळी वाळू : बेसाल्ट झिजून सुटलेले जड कण नदीपात्रात वळणांच्या आतल्या बाजूस काळ्या पट्ट्यांत साठतात. चुंबक फिरवला तर त्याला मिशा फुटतात. हे कण मुख्यतः टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटाचे असतात. लोहाचे प्रमाण बोलापेक्षा कितीतरी जास्त असले, तरी पट्टे पातळ व फिरते असतात, प्रत्येक पुरात ते मोडतात आणि दुसरीकडे बसतात. टायटॅनियममुळे झोतभट्टीतील मळी घट्ट होऊन वाहत नाही, ही अडचण निराळी.