पायी किनारभ्रमंती, कोकणातील

कोकणच्या किनाऱ्याने गावोगाव मुक्काम करीत अनेक दिवस पायी जाणे. महाराष्ट्राचा किनारा पालघर जिल्ह्यातील झाई-बोर्डीपासून सिंधुदुर्गातील रेडीपर्यंत, जुन्या मोजणीनुसार, सुमारे ७२० किमी. आहे. एका दमात तो सगळा चालणारे थोडेच. बहुतेक जण अलिबाग ते मुरूड, हर्णै ते गुहागर, देवगड ते मालवण अशा चार-सहा दिवसांच्या तुकड्या करतात. यात्रेकरूंना ही चाल जुनीच आहे. महाशिवरात्रीला देवगडजवळच्या कुणकेश्वराकडे देवांच्या पालख्यांबरोबर माणसे चालत येतात आणि समुद्रस्नान करतात.

घाटमाथ्यावर गडकोट चढलेल्या माणसाला हा प्रकार सोपा वाटतो आणि तिथेच तो फसतो. इथे चढ किरकोळ असतात. वेळा मात्र चुकवून चालत नाहीत, आणि त्या ठरवतात भरती आणि ऊन.

भरतीचा हिशेब : कोकणात दिवसाला दोन भरत्या व दोन ओहोट्या होतात. ओहोटीला किनाऱ्यावर सुकती असेही म्हणतात. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोळीवाड्यात चालणारे गणित असे : तिथीला तीनाने गुणून चाराने भागावे, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दिवसातून दोनदा. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचे. पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण भरती बाराच्या सुमारास येते. हा ढोबळ आडाखा आहे. मुंबईच्या मानाने दक्षिणेला भरती थोडी आधी लागते, आणि खाडीत आत जावे तशी उशिरा पोचते. छापील वेळापत्रक हाताशी असले, तरी तिथीवरून ताडून पाहण्याची सवय चांगली.

या गणितातून चालण्याचे दिवस निवडता येतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पहाटे सहाला पाणी पार ओसरलेले असते. उजाडल्यापासून नऊपर्यंत ओली, घट्ट पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, पायाखाली मिळते आणि संध्याकाळी चारनंतर पुन्हा. चतुर्थी-पंचमीला ओहोटी नवाच्या सुमारास, म्हणजे सकाळचा सगळा वेळ आपला. सर्वांत वाईट अष्टमी. त्या दिवशी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती असते आणि किनारा मोकळा होतो तो भर दुपारी बाराला, वाळू तापून चटके देत असताना. अनेक जण सुट्टी पाहून तारीख ठरवतात; तिथी पाहून ठरवावी.

पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात, अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला भांग. उधाणात मुंबईकडे पाण्याची पातळी पाच मीटरच्या जवळ जाते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात चढउतार त्याहून बराच कमी. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. सुरुवातीला ते रेंगाळते, आणि मधल्या दोन तासांत निम्मे वर येते. दोन पुळणींच्या मध्ये डोंगराची सोंड समुद्रात उतरलेली असते, तिच्या पायथ्याच्या खडकांवरून वळसा घालणाऱ्यांना हाच मधला वेळ गाठतो. मागची वाट बुडते, पुढची दिसत नाही, वर उभा कडा. म्हणून सोंडेचा वळसा ओहोटी संपण्याआधी पुरा व्हावा. पाणी चढू लागल्यावर वरच्या उघड्या माळावरची वाट धरावी, तासभर जास्त गेला तरी चालेल. खडकांवरचे हिरवे शेवाळ निसरडे असते आणि कालवांच्या, म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या, कडा सुरीसारख्या कापतात.

खाड्या : किनाऱ्यावरचे खरे अडथळे हेच. कुंडलिका, राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, वाघोटण, कर्ली, तेरेखोल अशा एकामागून एक खाड्या वाट अडवतात. वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, आगरदांडा-दिघी, तवसाळ-जयगड येथे वाहने नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. अन्यत्र तर असते, म्हणजे माणसे पलीकडे सोडणारी होडी. ती वेळेवर सुटेलच असे नाही, आणि पावसाळ्यात बहुधा बंद असते. तरीचा माणूस जेवायला गेला असेल, तर ऐलतीरावरच्या माडाखाली बसून राहणे हाही प्रवासाचाच भाग धरावा.

मोठी खाडी पायी उतरू नये. लहान खाडीचे मुख ओहोटीच्या अगदी तळाला, पाणी थबकलेले असताना उतरता येते, तेही गावातल्या माणसाला विचारून, कारण वाळूचा दांडा पावसाळ्यागणिक जागा बदलतो आणि मागच्या वर्षीची माहिती यंदा उपयोगी पडत नाही. उतरताना सॅकचे कमरेचे पट्टे सोडावेत, हातात काठी असावी आणि पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूत घासत न्यावेत. उथळ वाळूत पाकट मासा दडून बसतो. पाय घासत गेले की तो सरकतो. पाय त्याच्यावर पडला तर शेपटीचा काटा घुसतो. अशा वेळी सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवल्याने कळ कमी होते; पुढे डॉक्टरला दाखवावेच लागते. खाडीच्या आतल्या अंगाला, कांदळवनाच्या कडेने खाजणातून, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या चिखलातून, जवळची वाट काढण्याचा मोह आवरावा. चिखलात मांडीपर्यंत रुतलेला माणूस आणि चढणारी भरती हा मेळ जिवावर बेततो.

सडा : दोन खाड्यांमधला जांभ्याचा उघडा माळ म्हणजे सडा. सावली नाही, पाणी नाही, खुणेला झाड नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चालण्याचे महिने. मार्चपासून कातळ असा तापतो की उकाडा वरून आणि खालून दोन्हीकडून येतो. हवेत दमटपणा असल्याने घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, आणि तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो. दिवसाला माणशी तीन-चार लिटर पाणी धरावे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे घरगुती मिश्रण उपयोगी पडते. वाटेत कोकम सरबत मिळाले तर उत्तमच. मळमळ, डोकेदुखी, बडबड सुरू झाली आणि अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात. सावलीत नेऊन अंगावर पाणी मारत राहावे, वारा घालावा आणि रुग्णालयाकडे न्यावे.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर ढग जमले की सड्यावर थांबू नये. विजेच्या दृष्टीने त्या माळावर सर्वांत उंच वस्तू चालणारा स्वतःच असतो. सड्यावर चकवा लागतो असे गावकरी सांगतात. माणूस संध्याकाळी फिरून फिरून त्याच जागी येतो. जिथे सगळीकडे सारखाच काळपट कातळ आहे आणि उजेड जात चालला आहे, तिथे असे होणे नवल नाही. मोबाइलमध्ये नकाशा आधी उतरवून घ्यावा आणि अंधाराआधी तासभर पाखाडी गाठावी. पाखाडी, म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट, सापडली की ती वाडीतच उतरते.

फुरसे हा सड्यावरचा साप. हातभराहून फारसा मोठा नसतो, दगडाखाली असतो आणि रंगाने कातळात मिसळून जातो. बसण्यापूर्वी दगड काठीने हलवावा, गडग्यात, म्हणजे दगड रचलेल्या कुंपणात, हात घालू नये, रात्री विजेरीशिवाय अंगणातसुद्धा उतरू नये. दंशानंतर चिरणे, चोखणे, घट्ट बांधणे यातले काही करू नये. अंगठी-घड्याळ काढावे, तो अवयव स्थिर ठेवावा आणि प्रतिविष असलेले ग्रामीण रुग्णालय गाठावे. लाल विंचवाचा दंशही कोकणात जिवावर बेतत असे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यावर मृत्यूंचे प्रमाण फार खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोडामार्गाच्या बाजूला २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीने पसरतो, म्हणून त्या जंगलवाटांवर पूर्ण बाह्या, पायमोजे आणि मुक्कामी अंग तपासणे आवश्यक.

पाय : बहुतेकांची भ्रमंती तिसऱ्या दिवशी पायांमुळे थांबते. खाऱ्या पाण्याने कातडी मऊ पडते, पायमोज्यात वाळू जाते आणि टाचेवर फोड येतो. भरतीने टाकलेल्या शेवाळ-शिंपल्यांच्या काळसर ओळीच्या खाली उतरले की वाळू घट्ट लागते. वरची कोरडी वाळू पोटऱ्या मोडते. पण घट्ट वाळूलाही उतार असतो. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणून उजवा पाय दिवसभर खाली पडतो आणि संध्याकाळी एकाच बाजूचा घोटा व गुडघा धरतो. पूर्ण ओहोटीत पुळण सपाट होते, तेवढ्या वेळात जास्तीत जास्त अंतर कापावे. मुक्कामी पाय गोड्या पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून खोबरेल लावावे. फोडाची कातडी ओढून काढू नये. नवे बूट घालून निघणे हा वेडेपणा आहे. महिनाभर आधी तेच बूट आणि तेच ओझे घेऊन रोज चालण्याचा सराव करावा.

सामान : ओझे सहा-सात किलोंच्या आत बसते, कारण घरगुती खाणावळी आणि राहण्याची सोय जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात आहे. तंबू लागत नाही. नेलाच तर माडाखाली ठोकू नये. नारळाला डोळे असतात म्हणतात, पण झावळीला नसतात. वेळास, आंजर्ले अशा कासवांच्या किनाऱ्यांवर विणीच्या हंगामात रात्री विजेरी किंवा शेकोटी चालत नाही. आंब्याच्या बागेतून वाट गेली असेल, तर राखणदाराला हाक मारून जावे. कुत्री आधी येतात.

समुद्रस्नान : दमलेल्या अंगाने, अनोळखी पुळणीवर आणि ओहोटी लागलेली असताना पोहायला उतरू नये. लाटा ज्या पट्ट्यात फुटत नाहीत तो शांत दिसतो, पण बहुधा तिथूनच पाणी आत ओढते. ओढले गेल्यास किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर यावे. जून-जुलैत, मासेमारी बंद असताना, मदतीला होडीही नसते.

मदत : रुग्णवाहिकेसाठी १०८, सर्वसाधारण आणीबाणीला ११२, समुद्रातील संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. ओळखपत्र जवळ ठेवावे. जेट्टीवर आणि बंदरात ते विचारले जाते. खाड्यांच्या खोबणीत मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे सकाळी निघताना घरमालकाला पुढचा मुक्काम सांगून जावे. त्या गावात त्यांची कोणी मावशी किंवा मेहुणा निघतोच. संध्याकाळी आपण पोचायच्या आधी तिथे निरोप गेलेला असतो आणि अंधार पडला तर कोणीतरी बॅटरी घेऊन पाखाडीच्या तोंडाशी उभे राहते.