तिसऱ्या घंटेआधी

कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेचं नाटक असलं की माणसं अर्धा तास आधीच अंगणात जमायची. खासबागच्या खाऊगल्लीतली भेळ खात कुणीतरी विचारायचं, "आज कुणाचं हाय?" आतून धुपाचा वास यायचा, नारळ फुटल्याचा आवाज यायचा, मग पहिली घंटा. खुर्चीवर बसेपर्यंत शेजारचा अनोळखी माणूसही ओळखीचा झालेला असायचा.

हल्ली काही हौशी संघ पडदा उघडाच ठेवतात. प्रेक्षक आत येत असताना नट रंगमंचावर बसून गप्पा मारतात, कुणी ढोलकी जुळवतो. जुन्या प्रेक्षकांना हे खटकतं, 'हे काय नवीन खूळ' म्हणतात. पण हे मुळीच नवीन नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात याला पूर्वरंग म्हटलं आहे आणि पाचवा अध्याय त्यासाठीच खर्ची घातला आहे. वाद्यं मांडणं, गायकांनी जागा घेणं, गळा आणि वाद्यं तयार करणं ही पूर्वरंगाची सुरुवातीची अंगं पडद्याआडच होत. म्हणजे कथा सुरू होण्याआधीच प्रेक्षकाला पडद्याआडून नाटकाची चाहूल लागायची. सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्यांच्या नाटकांत सूत्रधारासमोर पाल्याची वस्त्रं नेसलेला विदूषक यायचा. दोघांचं बोलणं, थट्टा चालायची. मग गणपती, मग सरस्वती, आणि तेव्हा कुठे आख्यान. तमाशातही आधी गण-गवळण, मग सोंगाड्याची बतावणी, म्हणजे हसवणारी संवादबाजी, आणि शेवटी वग, म्हणजे मूळ कथानाट्य.

या क्रमात मला मोठं शहाणपण दिसतं. आधी माणसाला सैल करायचं, मग आवळून घ्यायचं. बतावणीत एकदा मोकळं हसलेला माणूस वगातल्या दुःखालाही लवकर शरण जातो. उलट प्रेक्षक गार असला की पहिला विनोद वाया जातो. हसावं की नाही म्हणून जो तो शेजाऱ्याकडे बघतो. ती शांतता नटाला ऐकू येते आणि त्याचं टायमिंग बिघडतं.

संगीत नाटकाने नांदी, म्हणजे सुरुवातीचं मंगलगीत, ठेवली. 1880 च्या 'शाकुंतल'मधली 'पंचतुंड नररुंडमालधर' आजही नाट्यसंमेलनांत म्हटली जाते. पुढे वास्तववादी नाटक आलं. नाट्यमन्वंतर या संस्थेने 1933 मध्ये 'आंधळ्यांची शाळा' केलं, दिवाणखाना खऱ्यासारखा उभा राहिला आणि त्या दिवाणखान्यात नांदीला जागा उरली नाही. पूर्वरंगातलं जे उरलं ते तीन घंटा आणि अंधार.

तरी कोल्हापुरात तो पूर्वरंग अंगणात टिकला. राजर्षी शाहू महाराजांनी 1913 ते 1915 या काळात हे नाट्यगृह पॅलेस थिएटर म्हणून बांधलं, तेही खासबागच्या कुस्ती मैदानाला लागून. कुस्ती बघायला माणूस लवकर जातो, जोड्यांवर वाद घालतो, मग लढतीत जीव ओततो. नाटकालाही इथला माणूस तसाच येत राहिला. संगीत नाटकातले गायक-नट केशवराव भोसले 1921 साली गेले. पुढे 1957 मध्ये थिएटरला त्यांचं नाव लागलं.

आताच्या प्रयोगांबद्दल माझी एकच तक्रार आहे. नुसतं नटांना आधी बसवून ठेवलं की काम झालं, असं समजलं जातं. सैल वातावरणाला एक उंबरा लागतो. तो नसला की प्रेक्षकांतल्या गप्पा पहिल्या प्रवेशात सांडतात, मोबाईलचा उजेड मिटत नाही. एका स्पर्धेत ढोलकी वाजवणाऱ्या मुलाने तिसऱ्या घंटेला नुसता हात ढोलकीवर दाबून धरला. नाद तिथेच मेला आणि मागच्या रांगेपर्यंत कुणी हललं नाही.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, हे नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी कलावंत त्याच अंगणात उभे राहून रडत होते. नव्या बांधणीचा विषय निघाला की रंगमंच, ध्वनी, खुर्च्या यांवर सगळे बोलतात, आणि ते बरोबरच आहे. माझं मागणं दाराबाहेरचं आहे. ते अंगण आणि त्या पायऱ्या पार्किंगला देऊ नका.