परवाना नाकारल्यानंतरची वाट : बांधकाम परवानगी, सरकार आणि न्यायालय

महापालिकेने बांधकाम परवाना नाकारला की ‘कोर्टात अपील करतो’ असे कोल्हापुरात सर्रास म्हटले जाते, पण कायद्यात असे अपील नाही. घरफाळ्याची आकारणी मान्य नसेल तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 406 खाली दिवाणी न्यायाधीशांपुढे अपील करता येते. परवाना नाकारल्याच्या आदेशावर मात्र विधिमंडळाने ती सोय ठेवलेली नाही, आणि हे नजरचुकीने झालेले नाही.

1915 चा मुंबई नगररचना कायदा हा या विषयावरचा देशातील पहिला कायदा होता. कोल्हापूर तेव्हा संस्थान होते. शाहूपुरी आणि राजारामपुरी या आखीव वसाहती दरबाराच्या निर्णयाने वसल्या, आणि 1 मार्च 1949 रोजी संस्थान विलीन झाल्यावरच मुंबईचे कायदे इथे लागू होऊ लागले. 1954 च्या कायद्याने विकास आराखडा तयार करणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक केले. पुढे 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आला आणि जानेवारी 1967 पासून अमलात आला. 1854 पासूनची कोल्हापूर नगरपालिका 1972 मध्ये महापालिका झाली, तरी परवानगीचा पाया हाच कायदा राहिला.

त्याची रचना अशी आहे. कलम 44 खाली अर्ज करायचा आणि कलम 45 खाली नियोजन प्राधिकरणाने, म्हणजे शहरात महापालिकेने, तो मंजूर, सशर्त मंजूर किंवा नामंजूर करायचा. नामंजूर करताना कारणे लिहिणे बंधनकारक आहे. साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते, मात्र प्रस्ताव नियमांत बसणारा असला पाहिजे, आणि मधेच त्रुटी काढल्या गेल्या तर त्यांची पूर्तता केल्यापासून साठ दिवस नव्याने मोजले जातात. त्यामुळे ही तरतूद कागदावर दिसते तितकी धारदार नाही. नकार कळल्यापासून चाळीस दिवसांत कलम 47 खाली अपील करता येते. ते ऐकते राज्य सरकार किंवा सरकारने नेमलेला, उपसचिवाच्या दर्जाहून कमी नसलेला अधिकारी. कलम 149 ने असे आदेश अंतिम ठरवून दाव्याचा मार्ग बंद केला आहे. रस्ता किती रुंद हवा किंवा कोणत्या जागेवर शाळेचे आरक्षण हवे, हे प्रश्न प्रशासनाचे आहेत, न्यायाधीशाचे नव्हेत, अशी त्यामागची भूमिका आहे. ती समजण्यासारखी असली, तरी विकास आराखड्याला अंतिम मंजुरी देणारे सरकारच त्या आराखड्याच्या आधारे दिलेल्या नकारावर अपील ऐकते, ही अडचण तिच्यात आहेच.

राहते ती संविधानाच्या अनुच्छेद 226 खालची रीट याचिका. तिच्यात उच्च न्यायालय नकाशा नव्याने तपासत बसत नाही. अधिकार कोणी वापरला, बाजू मांडू दिली का, लिहिलेली कारणे कायद्यात बसतात का, एवढेच पाहते. या कसोटीचे मूळ 1951 च्या एका निकालात आहे. अंधेरीतील चित्रपटगृहासाठी मुंबईच्या पोलिस आयुक्तांनी दिलेली परवानगी, सरकारचा तसा आदेश असल्याचे कळवून, रद्द करण्यात आली होती. गोरधनदास भानजी प्रकरणातील त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अधिकार आयुक्तांचा असल्याने निर्णयही त्यांचाच हवा, आणि सार्वजनिक आदेशाचा अर्थ त्यातील शब्दांवरून लावायचा, अधिकाऱ्याने नंतर दिलेल्या खुलाशावरून नव्हे. 1977 मध्ये मोहिंदरसिंग गिल प्रकरणात हेच तत्त्व पुन्हा मांडले गेले.

कोल्हापुरात हे तत्त्व पूररेषेच्या प्रकरणांत विशेष लागू पडते. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर पंचगंगेकाठच्या प्रत्येक प्रस्तावात निळी आणि लाल रेषा तपासली जाते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, तर शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. राज्याच्या 2020 च्या एकत्रित नियमावलीनुसार नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये उद्यान, वाहनतळ असे मोजके अपवाद सोडले तर बांधकामाला मनाई आहे. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात मात्र लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर उंची राखून बांधकाम करता येते. म्हणून ‘जागा पूररेषेत येते, सबब प्रस्ताव अमान्य’ एवढेच पत्र दिले, तर कोणती रेषा आणि जोत्याची पातळी किती हे त्यातून कळत नाही, आणि ते प्रतिज्ञापत्रातून मागाहून भरून काढता येत नाही. याचिका मान्य झाली तरी बहुतेक वेळा हातात परवाना पडत नाही. अर्ज फेरविचारासाठी महापालिकेकडेच परत येतो.

शेजाऱ्याची स्थिती आणखी वेगळी आहे. कलम 47 फक्त अर्जदारासाठी असल्याने, दुसऱ्याला मिळालेल्या परवान्याला आव्हान द्यायचे तर त्याला याचिकेचाच आधार घ्यावा लागतो. हद्दवाढीऐवजी 2017 मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाच्या बेचाळीस गावांनाही हाच कायदा लागू आहे.

या याचिकांसाठी इतकी वर्षे मुंबई गाठावी लागे. संस्थानकाळात स्वतःचे उच्च न्यायालय असलेल्या या शहराने खंडपीठासाठी चार दशकांहून अधिक काळ आंदोलन केले. 17 ऑगस्ट 2025 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे, म्हणजे फिरत्या पीठाचे, उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे कामकाज सुरू झाले. मात्र पर्यायी उपाय असताना न्यायालय सहसा थेट याचिका ऐकत नाही, आणि कलम 47 चे अपील नगरविकास विभागाकडे, म्हणजे मंत्रालयातच दाखल करावे लागते.